चाललं की दुखतं, थांबलं की राहतं



दिवसभराची कामे आटोपून आपण इथे जमलात. आयाबायाही आल्या आहेत. बरे वाटले. आज आम्ही फार लांबण लावणार नाही. एकाच दुखण्याबद्दल बोलणार आहोत. ते दुखणे पायाचे आहे.

तुम्ही म्हणाल, "पाय कुणाचे दुखत नाहीत? शेतात राबायचं म्हटलं की पाय दुखणारच." खरे आहे. पण पायाच्या दुखण्यातही प्रकार आहेत. त्यातला एक प्रकार वेळेवर ओळखला, तर पाय वाचतो. नाही ओळखला, तर कधी कधी पाय गमावण्याची वेळ येते. आमच्या डोळ्यांदेखत असे घडता घडता राहिले. आधी तीच हकीकत सांगतो.

एका वारकऱ्याची हकीकत

आमच्या शेजारच्या वाडीत एक शेतकरी आहेत. त्यांचे नाव सांगत नाही. आपण त्यांना तात्या म्हणू.

तात्यांचे वय ५५ च्या घरात. अंगाने काटक. दरसाल आषाढीला आळंदीहून पंढरपूरला पायी जायचे. एवढा मोठा पल्ला, पण पाय दुखला असे त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाही. खोड एकच. विडी. दिवसाला एक कट्टा लागायचा.

एका वर्षी तात्यांची डावी पोटरी दुखू लागली. घरातून निघाले, की वाटेतल्या चिंचेपर्यंत पाय ठीक. चिंच आली, की पोटरीत गोळा यायचा. पाय उचलेना. तात्या चिंचेखाली उभे राहायचे. एक विडी ओढायचे. विडी संपेपर्यंत दुखणे थांबायचे. मग पुन्हा चालू लागायचे. पुन्हा तेवढेच अंतर झाले, की पुन्हा गोळा.

तात्यांनी आम्हाला विचारले. आम्ही काय सांगितले ठाऊक आहे? आम्ही म्हणालो, "तात्या, वय झालं. थोडा वात असेल. तेल चोळा, शेक घ्या." इतरांना शहाणपण सांगत गावोगाव फिरणारे आम्ही! आम्हीच चुकलो.

पुढच्या साली तात्या चिंचेपर्यंतही पोचेनात. गोठ्यापर्यंत गेले तरी थांबावे लागे. मग त्यांनी चालणेच सोडले. वारी राहिली. शेत पोरांनी सांभाळले. लोक म्हणाले, "म्हातारा बसला."

थंडीचे दिवस आले. तात्यांचे पाऊल गार पडू लागले. रात्री अंथरुणात पाय ठणके. खाटेवरून पाय खाली सोडला, की जरा बरे वाटे. एका रात्री त्यांनी वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि पाय शेकला. पाय बधिर झालेला. चटका बसला तो कळलाच नाही. सकाळी अंगठ्याला फोड दिसला. फोड फुटला, जखम झाली. महिना झाला तरी जखम भरेना. मग अंगठा काळा पडला.

तेव्हा कुठे तात्यांना जिल्ह्याच्या गावी नेले. डॉक्टरांनी पाऊल हातात घेतले आणि दोन बोटांनी नाडी पाहिली. ते म्हणाले, "पायाला रक्तच पोचत नाही. अजून उशीर झाला असता, तर गुडघ्याखाली पाय कापावा लागला असता."

मंडळी, त्या दिवशी आम्ही मान खाली घातली. तेव्हापासून जिथे जातो, तिथे ही गोष्ट सांगतो.

पायाला रक्त कसे पोचते?

आता हे नीट समजून घेऊ. शेताचेच उदाहरण घ्या.

विहिरीवर पंप असतो. पंप पाणी ढकलतो. पाणी पाइपातून शेतात जाते. शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचले, तर तिथले पीक उभे राहते.

आपल्या छातीत असाच एक पंप आहे. तो म्हणजे हृदय. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. हृदय एका दिवसात सुमारे १ लाख वेळा आकसते आणि हे रक्त सगळ्या अंगात फिरवते. रक्त ज्या नळ्यांतून जाते, त्यांना रक्तवाहिन्या म्हणतात. रक्त असे गोल फिरते, हे पूर्वी लोकांना माहीत नव्हते. इंग्लंडमधल्या विल्यम हार्वे नावाच्या डॉक्टरने १६२८ साली ग्रंथ छापून ते दाखवून दिले.

आता बघा, जुन्या पाइपात काय होते? आतून क्षाराचा थर बसतो. पाइपाचे तोंड बारीक होते. पंप तोच, विहीर तीच, पण पाणी कमी येते. सगळ्यांत आधी कोणता वाफा सुकतो? शेवटचा. आपले पाऊल म्हणजे अंगातला शेवटचा वाफा आहे.

रक्तवाहिनीत असाच थर बसतो. तो चरबीचा असतो. पुढे त्यात चुनाही साठतो आणि थर कडक होतो. नळी अरुंद होते. हे काम वर्षानुवर्षे चालते. आतल्या आत चालते, म्हणून दिसत नाही.

मग दुखते कधी? बसलेल्या माणसाच्या पोटरीला थोडे रक्त पुरते. अरुंद नळीतून तेवढे येते. म्हणून बसल्यावर काही दुखत नाही. पण माणूस चालू लागला, की पोटरीला कितीतरी जास्त रक्त लागते. अरुंद नळी तेवढे देऊ शकत नाही. पोटरी उपाशी राहते. उपाशी पोटरी ओरडते. ते ओरडणे म्हणजे दुखणे. थांबले, की तिची भूक कमी होते आणि दुखणे राहते.

म्हणून ही खूण पाठ करा. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी, मांडी किंवा कुल्ला दुखतो. उभे राहिले, की काही मिनिटांत थांबते. पुन्हा चालले, की पुन्हा तसेच. चढ असेल तर लवकर दुखते. असे असेल, तर "वात आहे" म्हणून सोडून देऊ नका. "वय झालं" म्हणूनही सोडून देऊ नका. रक्ताची वाट अडलेली असू शकते.

कोणते दुखणे कशाचे?

पाय दुखण्याची कारणे पुष्कळ आहेत. सगळी रक्ताचीच नसतात. थोडक्यात फरक सांगतो.

गुडघा झिजला असेल, तर गुडघ्यातच दुखते. बसून उठताना आणि पायऱ्या चढताना-उतरताना कळ येते.

कमरेतली नस दबली असेल, तर कळ कमरेतून किंवा कुल्ल्यातून खाली उतरते. पायाला मुंग्या येतात. काहींचा पाय चालताना दुखतो, पण नुसते उभे राहून भागत नाही. खाली बसावे किंवा पुढे वाकावे, तेव्हा बरे वाटते.

पायावर निळ्या, फुगलेल्या शिरा दिसत असतील, तर तो वेगळा आजार आहे. तिथे रक्त खाली जाते, पण नीट वर परतत नाही. खूप वेळ उभे राहिले, की पाय जड होतात, सुजतात. पाय उशीवर उंच ठेवले, की हलके वाटते.

रक्त कमी पोचत असेल, तर याच्या उलट होते. पाय उंच केला, की जास्त ठणकतो आणि पांढरा पडतो. पाय खाली सोडला, की बरे वाटते. हा फरक ध्यानात ठेवा.

आणखी एक. एकच पाय एकाएकी सुजला, गरम लागला, पोटरी दुखू लागली, तर तेही लगेच डॉक्टरांना दाखवा. तिथे रक्ताची गाठ झालेली असू शकते.

ही अडचण कुणाला येते?

पहिला नंबर तंबाखू ओढणाऱ्यांचा. विडी, सिगारेट, चिलीम, सगळे आले. धुरातले विष रक्तवाहिनीचे आतले अस्तर खराब करते. खराब अस्तरावर थर लवकर बसतो. शिवाय तंबाखूने नळ्या आकसतात. तात्या दुखले, की थांबून विडी ओढायचे. त्यांना वाटायचे, विडीने आराम पडतो. आराम पडायचा तो थांबल्यामुळे. विडी तर तीच नळी आवळत होती!

दुसरा नंबर मधुमेहाचा. याला आपण साखरेचा आजार म्हणतो. यात नळ्याही खराब होतात आणि पायाची जाणीवही कमी होते. अशा माणसाला दुखतच नाही. काटा रुतला तरी कळत नाही. त्याची पहिली खूण दुखणे नसते, न भरणारी जखम असते. म्हणून त्याने जास्त जपावे.

मग रक्तदाब वाढलेले, रक्तात चरबी वाढलेली आणि उतारवयाची माणसे. बायकांनाही हा आजार होतो. तो पुरुषांचाच आहे असे समजू नका.

तरुणांनो, तुम्हीही ऐका. या जातीचा एक आजार तरुणांना धरतो. न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर नावाच्या डॉक्टरांनी १९०८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. म्हणून त्याला बर्गरचा आजार म्हणतात. आपल्या देशात तो विडी ओढणाऱ्यांत दिसतो. बहुधा ४५ वर्षांच्या आतच सुरू होतो. हाताच्या आणि पायाच्या बारीक रक्तवाहिन्या सुजून बंद होतात. बोटे काळी पडतात. यावर खरा उपाय एकच. तंबाखू पूर्ण सोडायची. "दिवसाला दोनच ओढतो" हे चालत नाही. विडी सोडून तंबाखू मळायची, हेही चालत नाही. जे पूर्ण सोडतात, त्यांचे हातपाय बहुतेक वाचतात. जे सोडत नाहीत, त्यांचे एकामागून एक बोट जाण्याची भीती असते.

दवाखान्यात काय करतात?

डॉक्टरांना घाबरू नका. पहिली तपासणी अगदी साधी आहे. नाडी हातालाच असते असे नाही. पावलावरही असते. एक पावलाच्या वरच्या अंगाला, एक आतल्या घोट्याच्या मागे. डॉक्टर बोटांनी ती पाहतात. तुम्हीही चाचपून बघा. पण सापडली नाही म्हणून घाबरू नका. काही चांगल्या धडधाकट माणसांची पावलावरची नाडीही हाताला लागत नाही. नक्की काय ते डॉक्टर सांगतील.

मग दंडाचा रक्तदाब मोजतात आणि घोट्याचाही मोजतात. निरोगी माणसाचे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतात. घोट्याचा आकडा दंडापेक्षा बराच कमी भरला, तर वाट अडली आहे असे समजतात. यात टोचणे नाही, कापणे नाही. लागले तर यंत्राने रक्तवाहिनीचे चित्र काढतात. साखर आणि चरबी यांसाठी रक्त तपासतात.

बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. गोळ्या देतात. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून एक, चरबीसाठी एक, रक्तदाब आणि साखर असेल तर त्यांच्या वेगळ्या. बरे वाटले म्हणून या गोळ्या मनाने बंद करू नका. शेजाऱ्याच्या गोळ्या मागून घेऊ नका.

वाट फारच अडली असेल, तर बारीक फुगा आत घालून ती रुंद करतात. नाहीतर दुसरी नळी जोडून रक्ताला वळणवाट करून देतात. तात्यांची वाट फुग्याने मोकळी केली. अंगठा मात्र गेला. पाय राहिला.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. पायाच्या नळ्यांत थर बसला, तर हृदयाच्या आणि मेंदूच्या नळ्यांतही बसलेला असू शकतो. पाइप सगळे एकाच विहिरीचे. म्हणून पायाचे हे दुखणे ही एक सूचना आहे. आज पाय बोलतो आहे. त्याचे ऐकले, तर उद्याचा हृदयाचा झटका आणि पक्षाघात टळू शकतो.

घरी काय करायचे?

पहिली गोष्ट, तंबाखू बंद. सोपे नाही, आम्हाला ठाऊक आहे. पण एक सांगतो. तुम्ही आता वाचायला शिकलात. विडीचा कट्टा किंवा तंबाखूची पुडी हातात घ्या आणि तिच्यावर काय छापले आहे ते वाचा. तिथे १८००-११-२३५६ हा क्रमांक असतो. त्यावर फोन फुकट लागतो. तंबाखू कशी सोडायची, ते तिथे सांगतात.

दुसरी गोष्ट, चालणे. तुम्ही म्हणाल, "चाललं की दुखतं, आणि चाला म्हणता?" होय. चालणे हेच यावरचे मोठे औषध आहे. पण आधी डॉक्टरांना विचारा. पायाला जखम असेल किंवा बसल्या जागीही पाय दुखत असेल, तर आपल्या मनाने हे करू नका. डॉक्टरांनी हो म्हटले, की असे करा. दुखेपर्यंत चाला. दुखणे बऱ्यापैकी वाढले, की थांबा. राहिले, की पुन्हा चाला. असे करत करत अर्धा ते पाऊण तास. आठवड्यातून निदान ३ दिवस. हे ३ महिने नेमाने करा. चालताना छातीत दुखले किंवा दम कोंडला, तर मात्र तिथेच थांबा आणि डॉक्टर गाठा.

एक वही करा. तारीख लिहा. किती पावलांवर दुखले, तो आकडा लिहा. आज २०० असेल. महिन्याने २५० होईल, पुढे ३०० होईल. आकडा वाढताना पाहिला, की माणसाला धीर येतो. आकडा घटत चालला, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. तुमच्या वहीतून त्यांना पुष्कळ कळेल.

तिसरी गोष्ट, पावलाची निगा. रोज संध्याकाळी पाय धुवा आणि कोरडे पुसा. बोटांच्या बेचक्याही पुसा. तळवा, टाच, बोटे बघा. भेग, फोड, काटा, काळा डाग काही आहे का? स्वतःला दिसत नसेल, तर सूनबाईला नाहीतर नातवाला बघायला सांगा. भेगांना तेल लावा. शेतात अनवाणी जाऊ नका. वहाण घालण्याआधी आत खडा, काटा नाही ना, ते झटकून बघा. नखे सरळ कापा. कुरूप झाले तर ते ब्लेडने किंवा विळीने कोरू नका.

काय करू नये?

पायाला तापली वीट, निखारा, कडकडीत पाणी लावू नका. थंडी वाजली, तर सैल मोजे घाला, पांघरूण घ्या.

पोटरीला घट्ट पट्टी किंवा फडके बांधू नका. आधीच अरुंद असलेली वाट आणखी आवळते.

जखमेवर शेण, राख, चुना, तंबाखू लावू नका. स्वच्छ कपडा बांधा आणि दवाखाना गाठा.

धावपळ केव्हा करायची?

हे नीट ऐका. एकाएकी पाय खूप दुखू लागला, गार पडला, पांढरा किंवा निळा झाला, बधिर झाला, बोटे हलेनात, तर सकाळची वाट बघू नका. रक्ताची वाट एकदम बंद झाली आहे असे समजा. अशा वेळी काही तासांतच पाय वाचतो किंवा जातो. चोळत बसू नका. १०८ वर फोन करा आणि मोठे रुग्णालय गाठा.

रात्री ठणका लागून झोप येत नसेल, जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, बोट काळे पडत असेल, तर तेही फार दिवस ठेवायचे दुखणे नव्हे. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

नुसते चालताना दुखत असेल, तर धावपळ नको, पण टाळाटाळही नको. या आठवड्यात आरोग्य केंद्रात जा. आशाताईंना सांगा. डॉक्टरांना एवढेच म्हणा, "चाललं की दुखतं, थांबलं की राहतं. माझ्या पायाची नाडी बघा."

शेवटी

तात्यांचे पुढे काय झाले, ते सांगून आम्ही थांबतो. तात्यांनी विडी सोडली. पहिला महिना घरातल्यांवर फार चिडले म्हणे. पण सोडली. अंगठ्याची जखम भरली. मग डॉक्टरांना विचारून रोज सकाळी चालू लागले. अक्षरे त्यांना येत नव्हती. नात वहीत आकडे लिहायची. पुढे नातीनेच त्यांना आकडे गिरवायला शिकवले.

पंढरपूरला पायी जाणे त्यांना अजून झेपत नाही. पण गेल्या आषाढात दिंडी वाडीवरून गेली, तेव्हा तात्या वेशीपर्यंत चालत गेले. चिंच मध्येच लागते. तात्या चिंचेखाली थांबले नाहीत. आम्ही तिथे होतो. आमच्याकडे बघून ते म्हणाले, "वात असता तर अंगठा गेला नसता, काय हो?" आमच्याकडे त्यावर उत्तर नव्हते.

मंडळी, तुमच्या घरात, तुमच्या आळीत असा कोणी असेल. चालता चालता थांबत असेल. वाकून पोटरी चोळत असेल. त्याला हसू नका. जवळ जा आणि विचारा, "किती पावलांवर दुखतं?" मग त्याला दवाखान्यात घेऊन जा. आम्ही जे केले नाही, ते तुम्ही करा.

रामराम.

वाचा, विचार करा आणि सांगा

१. तात्यांची पोटरी चालतानाच का दुखत होती? बसल्यावर का दुखत नव्हती?
२. फुगलेल्या शिरांचे दुखणे आणि रक्त कमी पोचल्याचे दुखणे यांत फरक काय?
३. तापल्या विटेचा शेक का घेऊ नये?
४. १०८ वर केव्हा फोन करायचा?
५. तुमच्या घरातून पाराजवळ जायला किती पावले लागतात? मोजा आणि वहीत लिहा.